‘किम ग्वाजांग’चं पूर्ण नाव कुणी विचारतच नाही

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी खरडल्या होत्या की झोप येत नसली की मी कोरियन ऑफिस कॉमेड्या लावून बसते आणि त्यात सगळ्यात लाडकी म्हणजे ‘किम ग्वाजांग’. बास, तेवढ्यावरून इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकतेय. सारखेच प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत आणि ज्यांनी फक्त हिरोचे फोटो मागितलेत त्यांना नमस्कार.

प्रश्न: ताई, तुम्ही ‘किम ग्वाजांग’ लिहिलंत, मला ॲपवर ‘गुड मॅनेजर’ दिसतेय आणि मैत्रीण म्हणते ‘चीफ किम’ बघ. या तीन वेगळ्या सिरीज आहेत का? – गोंधळलेली

एकच आहे गं. केबीएस२ वर २०१७ च्या जानेवारी ते मार्चमध्ये आलेली, २० एपिसोडची. नावं तीन झालीत कारण ‘ग्वाजांग’ या शब्दाचं काय करायचं हे भाषांतर करणाऱ्यांना कळलंच नाही, आणि त्यांचा दोष नाही, तो शब्दच तसा अडचणीचा आहे.

कोरियन कंपनीत एक शिडी असते. सगळ्यात खाली सावॉन, मग देरी, मग ग्वाजांग, मग छाजांग, मग बुजांग म्हणजे डिपार्टमेंटचा प्रमुख. त्याच्यावर इसा, सांगमू, जनमू ही डायरेक्टर मंडळी, त्यांच्यावर साजांग, आणि मोठा उद्योगसमूह असेल तर सगळ्यांच्या डोक्यावर ह्वेजांग, चेअरमन. म्हणजे ग्वाजांग हा धड साहेब नाही आणि धड कारकूनही नाही, वरून शिव्या खायच्या आणि खालच्यांना सांभाळायचं, दोन्हीकडून चेपलेला माणूस. त्याला मॅनेजर म्हटलं तर जास्त होतं आणि चीफ म्हटलं तर फारच जास्त होतं.

(देरी म्हणजे उशीर नव्हे. मी पहिले तीन एपिसोड समजत होते की त्या युन नावाच्या मुलीला सगळे उशिरा येण्यावरून टोचतायत. ती बिचारी सगळ्यांच्या आधी आलेली असायची.)

आता गंमत अशी की ऑफिसात कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. आडनाव आणि हुद्दा, झालं. वरचा खालच्याला ‘युन देरी’ म्हणणार, खालचा वरच्याला शेवटी ‘निम’ लावून ‘ग्वाजांग-निम’ म्हणणार. प्रमोशन झालं की माणसाची हाकच बदलते, काल देरी होतीस, आज ग्वाजांग झालीस, आणि सगळ्या ऑफिसला नवीन हाकेची सवय करावी लागते. सबटायटलमध्ये हे सगळं धुऊन जातं, तिथे नुसतं ‘मिस्टर किम’ येतं किंवा सरळ पहिलं नाव येतं, आणि मग आपल्याला कळत नाही की समोरचा माणूस एवढा का चमकला. माझा सल्ला एकच, वाचत असाल तरी कान उघडे ठेवा, शेवटचे दोन शब्द ऐका. अर्धे विनोद तिथे आहेत.

प्रश्न: मी दोन एपिसोड बघून सोडली. हिरो चक्क चोर आहे आणि सगळे त्याला डोक्यावर घेतात, यात हसण्यासारखं काय? – प्रामाणिक टॅक्सपेअर

अहो तुम्ही चुकीच्या ठिकाणी उतरलात, गाडी तिसऱ्या स्टेशननंतर वेग घेते.

पण प्रश्न बरोबर आहे म्हणून नीट सांगते. किम सॉंगर्योंग (नामगुंग मिन, आणि काय काम केलंय त्या माणसाने) गुन्सान नावाच्या बंदराच्या गावात गुंडांच्या धंद्याचे हिशोब लिहिणारा माणूस. आकडे त्याच्या बोटांवर नाचतात आणि नाचता नाचता थोडे त्याच्या खिशात पडतात. त्याचं स्वप्न काय, तर पैसे साठवून डेन्मार्कला जाऊन राहायचं, कारण जगात सगळ्यात कमी भ्रष्टाचार तिथे आहे. म्हणजे चोराला राहायला स्वच्छ देश पाहिजे. हा एक विनोद मला अजून पुरतो.

तर हा माणूस सोलमधल्या टीक्यू ग्रुप नावाच्या बड्या कंपनीत अकाउंट्सला ग्वाजांग म्हणून लागतो, मोठा हात मारायचा आणि सटकायचं असा प्लॅन. त्याला नोकरी का मिळते, तर वरच्यांनाही असाच माणूस हवाय, खोटे हिशोब करणारा आणि उद्या अडकला तर कुणी विचारणार नाही असा. आणि मग हा बर्फावर पाय घसरून पडतो आणि त्या धडपडीत एका बाईला गाडीखाली येण्यापासून वाचवतो, निव्वळ अपघाताने, आणि पेपरवाले त्याला सत्पुरुष ठरवून मोकळे होतात. पुढे तो कंपनीतून सुटायला, आपल्याला काढून टाकावं म्हणून नको ते उद्योग करतो आणि प्रत्येक उद्योगातून कुणाचं तरी भलंच होतं. चांगला माणूस वाईट होतानाच्या गोष्टी ढीगभर आहेत हो, वाईट माणूस नाइलाजाने चांगला होतो, तेही चिडचिड करत, हे कमी बघायला मिळतं.

तुम्ही टॅक्सपेअर आहात म्हणून एक संदर्भ देते, मग बघा वेगळं वाटतं का. ही सिरीज ज्या आठवड्यांत चालू होती ना, त्याच आठवड्यांत कोरियात राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांचं भ्रष्टाचाराचं प्रकरण पेटलेलं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये संसदेने महाभियोग मंजूर केला, १७ फेब्रुवारी २०१७ ला सॅमसंगचे वारस ली जे-योंग यांना अटक झाली, १० मार्चला घटनात्मक न्यायालयाने पार्क यांना पदावरून दूर केलं. आणि त्याच काळात बुधवार-गुरुवार रात्री टीव्हीवर एक किरकोळ अकाउंटंट चेअरमनची काळी वही शोधत फिरतोय. लोक का हसत होते ते आता कळलं असेल. त्यात कडी म्हणजे त्या प्रकरणातल्या, पार्क यांच्या जवळच्या मैत्रीण चोई सून-सिल यांची मुलगी १ जानेवारीला सापडली कुठे, तर डेन्मार्कमध्ये! सिरीज सुरू व्हायच्या तीन-साडेतीन आठवडे आधी. लेखकाने ठरवून लिहिलं असतं तर कुणी म्हणालं असतं जरा अतीच करतोय.

त्या वेळी समोर दुसऱ्या चॅनलवर ‘सायमदांग’ होती, ऐतिहासिक, खर्चिक, आणि त्यात ली यंग-ए, जी ‘दे जांग गम’ या गाजलेल्या सिरीजनंतर इतक्या वर्षांनी टीव्हीवर परत येत होती. सगळ्यांना वाटलं होतं किम ग्वाजांगचा भुगा होणार. याने सुरुवात केली ८ टक्के रेटिंगच्या आसपास, आणि काही आठवड्यांत पुढे निघून शेवटी १८ च्या घरात गेला.

आणि एक सीन सांगतेच, स्पॉयलर म्हणा काही म्हणा. कंपनीला एखादा माणूस नको झाला की त्याचं टेबल उचलून बाहेर पॅसेजमध्ये मांडतात. काम काही नाही, फोन नाही, नुसतं दिवसभर बसायचं आणि येणारे-जाणारे बघत जाणार. पहिल्यांदा बघताना मला वाटलं ही लेखकाची अतिशयोक्ती. पण यामागे कारण आहे, कोरियन कामगार कायद्यात योग्य कारण दाखवल्याशिवाय माणसाला काढता येत नाही, आणि माणूस स्वतःहून गेला तर कंपनी मोकळी, शिवाय स्वतःहून सोडणाऱ्याला बेकारभत्ताही सहसा मिळत नाही. म्हणून काढायचं नाही, कंटाळून जाईल असं करायचं. त्यांच्याकडे ‘टेबल काढणे’ हा नोकरी जाण्यासाठीचा वाक्प्रचारच आहे. बावीस वर्षं कंपनीला दिलेला एक बुजांग त्या टेबलावरून उठून गच्चीवर जातो तो भाग, त्या भागात कॉमेडी थांबते, आणि किम तिथे त्याला जे बोलतो ते चोराच्याच भाषेत बोलतो, मी पैसे खाल्ले तरी मला लाज वाटत नाही, तू का मरतोस, साधारण अशा अर्थाचं. मी सात वर्षं एका ठिकाणी अकाउंट्समध्ये व्हाउचरं लावलीत, टेबल बाहेर कुणाचं ठेवलं नाही पण खुर्ची संडासाच्या दाराजवळ सरकवलेली पाहिलीय. त्या रात्री पुढचा एपिसोड लावला नाही मी.

आता व्हिलनबद्दल. सॉ युल म्हणजे ली जुनहो, टूपीएम या बॉयबँडमधला. सरकारी वकील होता, आता कंपनीचा फायनान्स डायरेक्टर, आणि हा माणूस अख्ख्या सिरीजभर काहीतरी खातच असतो. दोघांची भांडणं इतकी रंगली की वर्षाअखेर केबीएसच्या अवॉर्डमध्ये बेस्ट कपलचं बक्षीस या दोन पुरुषांना मिळालं. आणि हो, अकाउंट्समधला तो साधाभोळा ज्युनियर पोरगा नीट बघा, तो किम सॉन-हो आहे, त्याची टीव्हीवरची पहिलीच सिरीज.

प्रश्न: एका सीनमध्ये दोघं शांतपणे बोलतायत आणि एकदम एकजण ओरडतो, ‘तू आत्ता मला काय म्हणालास?’ सबटायटलमध्ये तर काहीच वाईट नव्हतं. काय चुकलं? – मागे जाऊन परत बघणारी

क्रियापदाचं शेपूट चुकलं. कोरियनमध्ये आदराने बोलायची भाषा वेगळी, जोंदेनमाल, आणि जवळच्याशी किंवा लहानाशी बोलायची वेगळी, बानमाल. आपल्याला ‘या बसा’ आणि ‘ये बस’ यातला फरक कळतो ना, तोच, फक्त त्यांच्याकडे तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी येतो आणि वय आणि हुद्दा दोन्ही पाहून ठरतो. आणि जिथे वय एकीकडे आणि हुद्दा दुसरीकडे, तिथे सगळी मजा. वयाने लहान साहेब आणि मोठा हाताखालचा, कुणी कुणाला काय म्हणायचं? ऑफिस कॉमेडीवाल्यांचं घर यावर चालतं.

नवीन कंपन्यांनी यातून पळवाट काढली, सगळ्यांना इंग्रजी नावं देऊन टाकायची, म्हणजे हुद्द्याची भानगडच नको. काकाओ या बड्या टेक कंपनीत खरंच तसं चालतं. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सनेही मार्च २०१७ मध्ये सात पायऱ्यांच्या चार केल्या आणि एकमेकांना ‘निम’ लावून बोला म्हणून सांगितलं. याचीच टर उडवलीय ‘युनिकॉर्न’मध्ये, कुपांग प्ले या कोरियन ॲपवरची २०२२ ची, शिन हा-क्युन स्टार्टअपचा मालक स्टीव्ह झालाय. सगळे स्टीव्ह आणि जेसी आणि काय काय, सगळे समान, आणि निर्णय मात्र स्टीव्हला सकाळी जे सुचलं तोच. नावं बदलली, घाबरायची पद्धत तीच.

प्रश्न: ते रोज रात्री ऑफिसनंतर मटण भाजत दारू पीत बसतात हे खरं आहे का? घरी जात नाहीत का? – एक काळजीवाहू सासूबाई

सासूबाई, मटण नाही, बहुतेक वेळा ते डुकराचं पोटाचं मांस असतं, सामग्योप्साल, आणि बाटली सोजूची. त्या जेवणाला होएशिक म्हणतात, ऑफिसचं एकत्र जेवण. नावाला ऐच्छिक. पहिली फेरी जेवणाची, दुसरी बिअरची, तिसरी नोरेबांग म्हणजे गाण्याच्या खोलीत, आणि बुजांग घरी जात नाही तोवर कुणी हलायचं नाही. मोठ्याला ओतताना दोन हातांनी ओतायचं, त्याच्यासमोर पिताना तोंड बाजूला वळवून प्यायचं. हे सगळे सीन नियम म्हणून बघा, मग मान न वळवता गटकन पिणारा नवखा दिसला की तुम्हीही हसाल.

रोज नसतं पण. आणि कमीही झालंय. जुलै २०१८ पासून मोठ्या कंपन्यांत आठवड्याला ५२ तासांची मर्यादा आली, ४० नेहमीचे आणि १२ जादा, आधी ते ६८ पर्यंत जायचं. मग हळूहळू लहान कंपन्यांनाही लागू झालं. त्यात नवीन पिढीची मुलं सरळ म्हणतात की मला काम आहे, मी येत नाही.

होएशिकवरचा सगळ्यात भारी सीन मात्र त्याच्या किती आधीचा आहे, २०१३ च्या ‘जिकजांगे शिन’मधला, ‘क्वीन ऑफ द ऑफिस’ म्हणून मिळेल. किम हे-सू त्यात मिस किम, कंत्राटी कर्मचारी. ती होएशिकला येते, मांस भाजते, कात्रीने कापते, नोरेबांगमध्ये खंजिरी वाजवते, एकदम प्रोफेशनल, चेहऱ्यावर रेष हलत नाही, आणि नंतर बिल लावते. मांस भाजण्याचे इतके, खंजिरीचे इतके. कामाच्या वेळेनंतर आहे ना, मग काम आहे, मग पैसे. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या, रात्री दीड वाजता, घरचे उठले.

प्रश्न: मिस किम जर सगळ्यात हुशार आहे तर ती पर्मनंट का होत नाही? मला शेवटपर्यंत कळलं नाही. – कंत्राटीच

तुमचं टोपणनाव वाचून जरा थांबले.

ती होत नाही कारण तिला व्हायचं नाही. तीन महिन्यांचं कंत्राट, मुदतवाढ नाही, सहा वाजले की पर्स उचलून बाहेर. ही मूळची जपानी कल्पना, २००७ च्या एका जपानी सिरीजवरून केलेली, पण कोरियात ती जास्त झोंबली. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तिथे कायम नोकऱ्या गेल्या आणि कंत्राटी वाढल्या. मग २००७ च्या जुलैपासून कायदा आला की दोन वर्षांपेक्षा जास्त काळ मुदतीवर ठेवलं तर तो माणूस कायम समजायचा. हेतू चांगला. झालं काय, तर बऱ्याच ठिकाणी दोन वर्षं भरायच्या आत माणूस बदलायला लागले. त्यामुळे मिस किमचं ‘मीच तुम्हाला नको म्हणते’ हे स्वप्नरंजन आहे, आणि त्या सिरीजला ते माहीत आहे, म्हणून शेजारीच तिने जंग जू-री नावाची खरीखुरी घाबरलेली कंत्राटी मुलगी ठेवलीय. आणि मिस किमशी सतत भांडणाऱ्या माणसाचं नाव जांग ग्यू-जिक. कोरियनमध्ये कायम नोकरदाराला जंग-ग्यू-जिक म्हणतात. नावातच मारलाय.

हे हसत बघायचं नसेल आणि सरळ बघायचं असेल तर ‘मिसेंग’, टीव्हीएन, २०१४. ती कॉमेडी नाही हं, लोक कॉमेडीच्या यादीत टाकतात आणि मग मला शिव्या देतात. जांग ग-रे हा बादुक म्हणजे तो काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ, त्यात व्यावसायिक व्हायचं राहून गेलेला मुलगा, ट्रेडिंग कंपनीत कंत्राटावर लागतो. सणाच्या वेळी कंपनीकडून सगळ्यांना डबाबंद मांसाचा गिफ्ट सेट मिळतो आणि याला खायच्या तेलाचा. तेवढंच. कुणी काही बोलत नाही, तोही बोलत नाही, आणि तो खोका घेऊन घरी जातो. एवढ्या एका खोक्यात दिग्दर्शकाने तो कायदा, ती दोन वर्षं, सगळं भरलंय. कोरियात लोकांना ते इतकं लागलं की नंतर कंत्राटी कामगारांच्या सरकारी प्रस्तावांना लोक ‘जांग ग-रे कायदा’ म्हणायला लागले.

प्रश्न: खडूस साहेबाला धडा शिकवणारी एखादी सुचवा ना, पण रडकी नको. आणि एका ठिकाणी १२ एपिसोड दाखवतात, दुसऱ्या ठिकाणी २४, माझी फसवणूक होतेय का? – रजेवर

‘कोंदे इंटर्न’, एमबीसी, २०२०. रामेन बनवणाऱ्या कंपनीत ली मान-शिक नावाचा बुजांग एका इंटर्नला इतका छळतो की पोरगा सोडून जातो. पोरगा दुसऱ्या कंपनीत जाऊन झणझणीत नूडल्स काढून हिट होतो, पाच वर्षांत स्वतः बुजांग होतो. आणि तिकडे म्हाताऱ्याची नोकरी जाते आणि तो लागतो कुठे, तर याच्याच हाताखाली, सीनियर इंटर्न म्हणून. साठीनंतरच्या माणसांना इंटर्न म्हणून घ्यायची सरकारी योजना तिथे खरंच आहे, त्यामुळे कथा हवेतली नाही. किम उंग-सूने तो म्हातारा असा केलाय की त्याचा राग येता येता कीव यायला लागते आणि कीव येता येता परत राग येतो. पार्क हे-जिनला त्या वर्षी एमबीसीचं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं, माझ्या मते निम्मं म्हाताऱ्याला द्यायला हवं होतं.

कोंदे म्हणजे ‘आमच्या वेळी’ म्हणून सुरुवात करणारा माणूस. कोरियनमध्ये ते वाक्य आहे ‘ना त्तेनन मारिया’, ते ऐकायला ‘लात्तेनन मारिया’सारखं लागतं, म्हणजे कॉफीतली लाते, आणि ‘माल’ म्हणजे बोलणंही आणि घोडाही, म्हणून तिथली पोरं साहेबाला चिडवताना ‘लाते इज हॉर्स’ म्हणतात. साहेबाला वाटतं कॉफीबद्दल चाललंय. धडा शिकवायला कायदाही आला मग, १६ जुलै २०१९ पासून कामाच्या जागी छळ करणं बेकायदेशीर, आणि तक्रार केली म्हणून कंपनीने त्रास दिला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ कोटी वॉनपर्यंत दंड. गोम अशी की पाचपेक्षा कमी माणसं असलेल्या जागांना तो लागू नाही.

एपिसोडचं सांगते, फसवणूक नाही. केबीएस, एमबीसी, एसबीएस या जुन्या चॅनलना कार्यक्रमाच्या मध्ये जाहिराती घालायला परवानगी नव्हती, केबलवाल्या टीव्हीएनला होती. मग यांनी शक्कल लढवली, सत्तर मिनिटांचा एक एपिसोड मधून कापायचा, दोन्ही तुकड्यांना वेगळे नंबर द्यायचे आणि ‘दोन एपिसोडच्या मधे’ जाहिरात लावायची. म्हणून १२ चे २४. जुलै २०२१ पासून मध्ये जाहिरातींना परवानगी मिळाली आणि ही कापाकापी थांबली.

प्रश्न: चेअरमनचा मुलगा आणि साधी कर्मचारी, अशी गोड लव्हस्टोरी असलेली ऑफिस सिरीज सांगा. – स्वप्नाळू

‘बिझनेस प्रपोजल’, २०२२, १२ एपिसोड. किंवा ‘व्हॉट्स राँग विथ सेक्रेटरी किम’, २०१८. दोन्ही गोड आहेत, दोन्हीत ऑफिस म्हणजे मागचा पडदा आहे. सेक्रेटरी किम नऊ वर्षांनी राजीनामा देते ते मला आवडलं, बाकी तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न: या सगळ्या काचेच्या बिल्डिंगवाल्या मोठ्या कंपन्या. पाच माणसांच्या कळकट ऑफिसावर काही नाही का? – मी तिथेच आहे

आहे ना! ‘जोतजोतसो’, २०२१, यूट्यूबवर आली. नाव म्हणजे लहान-मध्यम उद्योगाला कोरियनमध्ये जे म्हणतात, जुंगसो, त्यात एक शिवी मिसळलेली, मी इथे सोडवून सांगत नाही, संपादक कापतील. छोटे छोटे एपिसोड, कॅमेरा हलतोय, मालक स्वतःला फार मोठा उद्योगपती समजतो आणि सगळ्यांना ‘आपण एक कुटुंब आहोत’ म्हणतो. कुटुंब हा शब्द ऐकला की समजायचं पगार उशिरा होणार. आणि तो पाच माणसांचा कायदा मी वर सांगितला ना, तो डोक्यात ठेवून बघा. अशा ठिकाणाहून न सांगता पळून जाण्याला तिथे ‘छुनो’ म्हणतात, पळालेले गुलाम पकडणाऱ्यांवर त्या नावाची एक सिरीज होती त्यावरून.

दिग्दर्शक कोण, तर पन्नीबॉटल नावाचा प्रवासाचे व्हिडिओ करणारा यूट्यूबर. हे नाव त्याने भारतात फिरताना ‘पानी बॉटल’ ऐकून घेतलंय. मला हे कळलं तेव्हा मी पाच मिनिटं एकटीच हसत होते.

आणि जुनं काही हवं असेल तर ‘माकदेमगन यंग-ए-सी’, टीव्हीएन, २००७ ते २०१९, तब्बल १७ सीझन. जाहिरातींच्या छोट्या कंपनीतली जाड, चिडकी, कामसू बाई आणि तिचं नाव ली यंग-ए. हो, त्या ‘सायमदांग’वाल्या सौंदर्यवतीचंच नाव, विनोदच तो आहे. तिला तिशीत पाहिलेलं असतं आणि शेवटच्या सीझनपर्यंत ती आई झालेली असते. सगळे सीझन बघायला मात्र आयुष्य लागेल, मी सहाच्या पुढे गेलेले नाही.

प्रश्न: मिस किम, सेक्रेटरी किम, किम ग्वाजांग. दुसरी आडनावं संपली का? – हजेरी घेणारा

२०१५ च्या जनगणनेत तिथले साधारण साडेएकवीस टक्के लोक किम निघाले, म्हणजे दर पाचातला एक. त्यामुळे ऑफिसात ‘किम ग्वाजांग’ म्हणून हाक मारली तर दोन-तीन माना वळायच्या. म्हणून हे नाव म्हणजे कुणीही. यादीत अजून एक लिहून घ्या, २०२५ मध्ये जेटीबीसीवर आलेली किम बुजांगची गोष्ट, र्यू सुंग-र्योंग त्यात, सोलमध्ये स्वतःचं घर आणि मोठ्या कंपनीत नोकरी एवढ्या दोन गोष्टींवर छाती फुगवून फिरणारा माणूस. मूळ कोरियन नावातच ते घर आणि ती कंपनी आहे, त्याचं स्वतःचं नाव नाही.

प्रश्न: ती पिवळी कॉफीची पुडी त्याच पुडीने का ढवळतात? चमचे नाहीत का? – चहावाली

चमचा धुवावा लागतो. आणि पुडी हातातच असते. ही मिक्स कॉफी १९७६ पासून आहे, पुडीत कॉफी, क्रीम आणि साखर एकत्र, गरम पाणी ओतलं की झालं, आणि ऑफिसच्या त्या छोट्या खोलीला तांगबीसिल म्हणतात. सगळ्या गॉसिपचं उगमस्थान तेच, त्यामुळे दोन बायका तिथे पुडीने कॉफी ढवळताना दिसल्या की आवाज वाढवा.

(फोटोवाल्यांनो, नाही.)